धोंडीआप्पांचा विटीदांडू

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी धोंडीआप्पा विटीदांडूवरून भांडायचे. धोतराचा काष्टा आवळून, लालेलाल होऊन. "रडी चालायची न्हाई. मोज परत." मग पिकल्या मिशांचा कुणीतरी गडी दांडूनं पुन्हा माळ मोजायला लागायचा.

आप्पा आमच्या गावचे, शिरूर तालुक्यातल्या घोडनदीकाठचे. वाडवडील मेंढरं राखायचे. आप्पांनी शेती केली आणि बरीच वर्षं दारू प्यायली. सोडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की दारूपेक्षा संध्याकाळ अवघड. "सहाला हात मोकळं ऱ्हायलं की पाय गुत्त्याकडं वळत्यात," म्हणायचे. गावात कुणी दारू सोडतोय असं कानावर आलं की आप्पा त्याच्या दारात हजर. उपदेश नाही, शपथ नाही. "चल, एक गडी कमी पडतोय." गडी रोजच कमी पडायचा.

मलाही असंच नेलं. मी कोरेगाव भीमाजवळच्या कारखान्यात होतो. पहिली शिफ्ट करून घरी येईपर्यंत अंग आंबून जायचं. माझ्या पिण्यामुळं सात वर्षांची मुलगी माझ्याशी बोलेनाशी झाली होती. तिनं बोलावं म्हणून दारू सोडली होती, चौथ्यांदा. त्यात विटीमागं पळायचं म्हणजे जिवावर यायचं. पण आप्पांपुढं कुणाचं चालत नसे.

एकदा विटी उसात गेली. आम्ही सात बाप्ये सऱ्या धुंडाळत असताना मालक काठी घेऊन आला. त्याला वाटलं, ऊस चोरतायत. आप्पांनी त्यालाच हुडकायला लावलं. विटी सापडेपर्यंत दिवस बुडाला आणि गुत्त्याची आठवण कुणालाच झाली नाही. आप्पा त्या दिवशी फार खूश होते.

एका संध्याकाळी दांडू मोडला. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, आज लपाछपी खेळू." आप्पा कुठल्याच खेळाला नाही म्हणत नसत. त्या दिवशी मात्र ते धोंड्यावर जाऊन बसले. "त्यो नको," एवढंच म्हणाले. बाकीचे पांगले. मी शेजारी बसलो.

"मी पिऊन घरी यायचो तवा पोरं लपायची," आप्पा म्हणाले. "कणगीमागं, गोठ्यात. मला वाटायचं, खेळत्यात. मी हसत हसत हुडकायचो आन् एकेकाला वढून काढायचो. थोरली थरथरायची, तरी मला कळायचं न्हाई. आता तिघंबी दौंडला हायेत. बरं चाललंय त्यांचं. मला बोलवत न्हाईत."

मी घरात शिरलो की मुलगी आतल्या खोलीत जायची, आणि मी रोज खाऊ घेऊन तिच्या मागं जायचो. ते मी त्यांना सांगितलं.

"मागं जाऊ नगो. भाईर बसत जा. तिला यायचं तवा ईल."

त्या दिवसापासून खेळून आलो की मी ओट्यावर बसायला लागलो. तीन आठवडे ती आली नाही. कंटाळा यायचा, रागही यायचा, आणि गुत्ता चार पावलांवर होता. आप्पा रोज "आली का?" विचारायचे, मी रोज नाही म्हणायचो.

मग एकदा ती आली. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. खेळताना मुरगळून सुजलेल्या माझ्या घोट्याकडं बघून म्हणाली, "पप्पा, दुखतंय का?"

दुसऱ्या दिवशी माळावर मी आप्पांना हे सांगितलं. त्यांची डाव घ्यायची पाळी होती. ते दांडू टेकवून उभे राहिले.

"काय म्हनली?"

मी परत सांगितलं.

"परत सांग," आप्पा म्हणाले, आणि तोंड नदीकडं फिरवलं.