नानांची ओटी

मुरुडच्या आमच्या होमस्टेमध्ये नाश्ता भरतीला मिळतो. भिंतीवर घड्याळ आहे, पण घरमालक नाना ते बघत नाहीत. जन्मभर होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. पाणी चढलं की पोहे, उतरलं की चहा. त्यामुळे नाश्ता रोज थोडा पुढे सरकतो आणि कधीकधी थेट जेवणाला जाऊन भिडतो. पुण्याच्या एका काकूंनी तक्रार केली, तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "दर्याला सांगा."

मी तिथे बुकिंगचं काम बघते. पाहुण्यांशी काय बोलावं हे मला सुचत नाही. नानांना तो प्रश्नच पडत नाही, कारण त्यांच्या लेखी सगळे खलाशी. बँकेतल्या मोठ्या साहेबांनाही "ए पोरा" म्हणून ओटीवर बसवतात आणि फाटकं जाळं सांधायला देतात. गाठ सैल पडली की म्हणतात, "ह्यातनं देवमासा पन निसटंल."

नानांचा मुलगा प्रकाशदादा पनवेलला असतो. हे कौलारू घर पाडायचं सोडून त्यानेच दुरुस्त करून घेतलं. आता त्याला ओटी काचेने बंद करून एसी खोली हवी होती. आळीतल्या बाकीच्या ओट्या केव्हाच गेल्या. पूर्वी म्हणे सगळ्या ओट्यांवरून एकच लांब जाळं पसरायचं आणि अख्खी आळी ते सांधायला बसायची. हे सांगताना नाना हात लांब करतात, आणि तो शेजारच्या सिमेंटच्या भिंतीला लागतो.

काचवाला मापं घ्यायला येणार, त्याच्या आदल्या दुपारी पाहुणे गेले. मी चादरी काढत होते. खिडकीतून नाना दिसले. पाहुण्यांनी खपून सांधलेलं जाळं मांडीवर घेऊन ते सुरीने पुन्हा कापत होते. होडी विकून बरीच वर्षं झाली. ते जाळं आता कुठल्याच पाण्यात पडणार नव्हतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मला बघून ते ओशाळले.

"फाटलेलं नसंल तं कोन बसंल गो हितं?"

संध्याकाळी प्रकाशदादाचा फोन आला. ओटी राहू दे, मी म्हटलं. त्याने कारण विचारलं.

"जाळं अजून बरंच फाटलंय."

तोही त्याच ओटीवर वाढलेला. म्हणाला, काचवाल्याला नको म्हणून कळव.