बंद पडलेली चालू गाडी

रविवारी सकाळी चहा संपवून दादांनी जाहीर केलं की गाडी आता आपण स्वतः दुरुस्त करणार. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणते. तिने उठून आधी चार बादल्या पाणी भरून ठेवलं. (मागे दादांनी नळाचा वॉशर बदलला होता, तेव्हा तीन दिवस शेजारच्यांकडून पाणी आणावं लागलं होतं. माणूस अनुभवाने शहाणा होतो, निदान बायको तरी होते.)

दादा बावन्न वर्षांचे, ऑफिसात रेकॉर्ड सेक्शनला हेडक्लार्क. फाइलीला दोरी बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण पाना हातात आला की सगळा आनंद. आणि गाडीचं दुखणंही नाजूक. रस्त्यावर सरळ धावायची, पण सिग्नलला उभी राहिली की तिला हुडहुडी भरायची. काचा वाजायच्या, आरसा हलायचा, आत बसलेल्याची कवळी वाजायची.

कवळी अण्णांची, म्हणजे दादांच्या वडिलांची. गाडीही मुळात त्यांचीच. अण्णा चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते. दादा दहा वर्षांचे असताना त्यांनी एक नट उलटा पिळून आटे घालवले, तेव्हापासून अण्णांच्या लेखी पोरगा कामातून गेलेला. आता अण्णांचं विसरणं वाढत चाललं होतं. गेल्या महिन्यात त्यांनी दादांना दोनदा विचारलं, आपण कोणाकडे आलात म्हणून. डॉक्टर म्हणाले, हे असंच पुसट होत जाणार. दादांना त्या दिवसापासून एकच गोष्ट हवी होती. आपण पुरते पुसले जायच्या आत अण्णांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, शाबास ऐकायचं.

पहिल्या रविवारी प्लग बदलले. गाडी थरथरतच राहिली, एक प्लग मात्र खाली पडून फुटला. दुसऱ्या रविवारी दादांनी गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, एकाला आत बसवा, ब्रेक दाबून गाडी गिअरमध्ये घाला, क्लच किंचित सोडा आणि बॉनेट उघडून बघा. इंजिनने उडी मारली तर त्याच्याखालचं रबर गेलं समजा. वहिनी आत बसली. तिने क्लच किंचित सोडायचा तो सगळाच सोडला. इंजिनने उडी मारली, आणि दादांनी त्याहून मोठी. पण दुखणं सापडलं.

तिसऱ्या रविवारी जॅकवर फळी ठेवून इंजिन उचललं, चिरलेलं रबर काढलं, नवं बसवलं. बोटाची साल गेली, शर्ट गेला, दुपारचं जेवण गेलं. पण किल्ली फिरवली आणि गाडी अशी शांत, की चालू आहे हे कळेना. दादांना रडूच आलं. (ग्रीस डोळ्यात गेलं असं त्यांनी वहिनीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.)

सोमवारी अण्णांना तपासणीला न्यायचं होतं. दादांनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, गाडी सुरू केली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. अण्णांनी नेहमीसारखा तळहात डॅशबोर्डवर टेकवला. उचलून पुन्हा टेकवला.

"बंद गाडीत कशाला बसवलंत मला?"

"चालू आहे अण्णा. मी दुरुस्त केली."

"ही आमची नाही," म्हणत अण्णा उतरले. त्या दिवशी तपासणी राहिली. गुरुवारीही तेच झालं. आमची गाडी कोणीतरी नेली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. शनिवारी दारातच बसून राहिले, गाडी परत येईल म्हणून. त्यांना सगळं विसरायला होत होतं, पण ती थरथर तळहाताला पाठ होती, आणि तीच दादांनी जातीने काढून टाकली होती.

रविवारी दादांनी जुनं रबर शोधायला घेतलं. ते वहिनीने वॉशिंग मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं होतं. ते काढून घेतल्यावर मशीन कपड्यांसकट न्हाणीच्या दारापर्यंत चालत आलं. वहिनी त्याला मिठी मारून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी याला धरते."

आणि काय सांगावं, दोन तासांत काम फत्ते. बोट शाबूत, शर्ट शाबूत, एकही नट उलटा नाही. दादांच्या हातून आयुष्यात बिनचूक झालेलं पहिलं काम म्हणजे चांगली गाडी बिघडवणं.

सोमवारी अण्णा बसले. पहिल्याच सिग्नलला काचा वाजू लागल्या, कवळी वाजू लागली. अण्णांनी तळहात टेकवला आणि आठ दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

"गाडी छान ठेवलीस. शाबास."

दादांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"एक सांगून ठेवतो, ड्रायव्हर," अण्णा पुढे झुकून हळूच म्हणाले. "माझ्या मुलाला हिला हात लावू देऊ नकोस. पोरगा गुणी आहे, पण नट उलटा पिळतो."

"नाही देत, साहेब," दादा म्हणाले.

सिग्नल सुटला तेव्हा त्यांना समोरचं नीटसं दिसत नव्हतं. हॉस्पिटल उजवीकडे होतं. दादांनी इंडिकेटर दिला तो डावीकडचा.