नॅडीनच्या केकचा बाजारभाव

बातमी सगळ्यांच्या आधी कळण्यातून मर्ल होबॅकला काय मिळत होतं, याचा मी एकदा शांत डोक्यानं हिशेब मांडला. बर्निसच्या खानावळीतली खिडकीकडची खुर्ची. तिच्यावरचा चुरा बर्निस स्वतःच्या फडक्यानं झटकणार. परातीतलं शेवटचं बिस्किट त्याचं. न्हाव्याकडे नंबर नसताना नंबर. आणि सगळ्यांत मोठी कमाई म्हणजे मर्लनं घसा खाकरला, की टर्नर्स बेंडमधली जाणती, पोक्त माणसं तोंडातला घास तोंडातच धरून बसत. मी, वेंडेल स्ट्रंक, गावातल्या एकुलत्या एक हार्डवेअर दुकानाचा मालक. मी घसा खाकरला तर लोक पाण्याचा पेला पुढे सरकवत.

बातमी कसली, हे टर्नर्स बेंडमध्ये कोणी विचारत नाही. आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ म्हणजे साळिंदर, आणि साळिंदर म्हणजे गाव. सामने थंडी पडता पडता संपतात, पण गावाचा खरा हंगाम तिथून सुरू होतो. कुठल्या शाळेतला कुठला पोरगा पुढच्या साली आमच्याकडे येणार आणि कुठला नदीपलीकडच्या कॉलेजनं पळवला, यावर हिवाळाभर खल चालतो. सतरा वर्षांच्या परक्या पोरांची उंची, वजन, तळहाताची रुंदी आम्हाला तोंडपाठ. स्वतःच्या नातवंडांचे वाढदिवस मात्र बायकोला विचारावे लागतात.

मर्लची पुतणी संघाच्या धुलाईखोलीत कामाला आहे. कॉलेज पाहायला कोणी गाजलेला पोरगा येणार असला, की त्याचा फोटो काढायला त्याच्या मापाची जर्सी धुऊन, इस्त्री करून ठेवतात. पुतणी काकाला माप सांगते आणि काका त्या मापावरून माणूस ओळखतो. यात अक्कल काय लागते? शिंप्याला कधी कोणी खिडकीजवळ बसवलंय?

म्हणून मी ठरवलं, यंदाची बातमी माझ्या तोंडून फुटणार. मुख्य प्रशिक्षकांचं विमान कुठे उडतं आणि कुठे उतरतं, हे संगणकावर दिसतं. मी दुकानात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून त्या विमानावर डोळा ठेवला. एकाच महिन्यात ते तीनदा लुइझियानाला गेलं. दुसऱ्या दिवशी मी खानावळीत उभा राहिलो आणि जाहीर केलं, "लिहून ठेवा. लुइझियानाचा गडी येतोय."

मर्लनं बिस्किटावर लोणी फासलं. "वेंडेल, तिथे त्यांची सासू आजारी आहे."

सगळे हसले. बर्निससुद्धा, आणि ती माझ्या दुकानातून उधारीवर नळ नेते.

त्या दिवसापासून मर्लचं नुसतं टोपी काढणंही मला सोसेना. माझ्या जिवाचा असा निवडुंग झालेला असताना एका शनिवारी दुकानाचं दार उघडलं आणि उजेडच बंद झाला. दारात डॅरियस पेटिग्रू उभा होता. देशभरातली कॉलेजं ज्याच्या मागे लागली होती, तो. आघाडीच्या फळीत उभा राहिला तर मागे गाईचा गोठा लपेल असा. त्यानं यादी दोन नावांवर आणली होती: आम्ही आणि नदीपलीकडचे. बुधवारी तो सही करणार होता. मागे त्याची आई होती आणि तिच्या हातात चाक निखळलेली बॅग.

"सर, चाक बसवून मिळेल का?" पोरगा म्हणाला.

मी चाक बसवलं आणि पैसे घेतले. हे मुद्दाम सांगतो, कारण नियम मला ठाऊक होते. दरवर्षी तिकिटांबरोबर कॉलेज एक पत्रक पाठवतं: येऊ घातलेल्या खेळाडूला चाहत्यांनी काहीही फुकट देऊ नये. पण तेवढ्यात आईनं सुस्कारा सोडला. "सकाळपासून कॉलेजवाले या पोराला उकडलेली कोंबडी खायला घालताहेत. मीठसुद्धा नाही हो."

आमचं घर दुकानाच्या मागेच. टेबलावर माझ्या बायकोचा, नॅडीनचा, नारळाचा केक होता. आता आमच्याकडे दारात आलेल्याला केक वाढणं याला 'देणं' म्हणत नाहीत. न वाढणं याला मात्र नाव आहे, आणि ते पोरासमोर घेता येत नाही. नॅडीननं एक तुकडा वाढला. मग दुसरा. डॅरियस "होय मॅडम, थोडासा" म्हणत राहिला आणि पाऊण केक संपला. मी शेजारी उभा राहून फोटो काढून घेतला. फोटोत पोरगा खातोय, केकची एक फोड उरलीय आणि मी असा हसतोय, जसा काही मीच त्याला जन्म दिलाय.

सोमवारी खानावळीत मी तो फोटो टेबलावर ठेवला. बोललो काहीच नाही. गरजच नव्हती. बर्निसनं माझ्या पुढ्यात न मागता बिस्किट ठेवलं.

मर्लनं चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. "बशी कोणाची?"

"नॅडीनची."

"केक?"

"नॅडीनचा."

"आणि पैसे?"

"पाहुण्याकडून? तुझ्या घरी घेत असशील."

मर्लनं खुर्ची माझ्या जवळ ओढली आणि हळूच म्हणाला, "वेंडेल, माझं ऐक. हा फोटो खिशात ठेव. कुठेही टाकू नकोस."

त्याचा आवाज कापत होता. मी ओळखलं. हा आवाज मी चांगला ओळखतो, रोज रात्री उशीवर तो माझाच असतो. मर्ल जळत होता! मी कॉफी संपायच्या आत तो फोटो चाहत्यांच्या संकेतस्थळावर टाकला आणि खाली लिहिलं: काहींना जर्सीचं माप कळतं, काहींना भुकेचं.

ते संकेतस्थळ नदीपलीकडचेही वाचतात, हे मला ठाऊक होतं. वाचावं म्हणूनच टाकला होता. दुपारपर्यंत त्यांनी फोटो मोठा करून केकचे थर मोजले, बशीतला चुरा मोजला आणि उरलेल्या फोडीवरून खाल्लेला केक काढला. एका रिकामटेकड्यानं तर चर्चच्या जुन्या वार्तापत्रातला फोटो शोधून शेजारी लावला. गेल्या साली चर्चच्या लिलावात दीडशे डॉलरला गेलेला केक तो हाच, त्याच बाईंचा, तोच. तक्रार गेली.

मंगळवारी सकाळी कॉलेजच्या नियमपालन कचेरीतून मिस ऑलथिया ग्रिग्ज आल्या. बाई इतक्या ताठ, की बसल्या तरी उभ्या वाटत. त्यांनी केकची रिकामी थाळी पुरावा म्हणून पिशवीत घातली आणि आम्हाला समजावलं. पोरानं खाल्लेल्या केकची किंमत शंभर डॉलरच्या आत भरली, तर तेवढी रक्कम त्यानं धर्मादाय द्यायची, प्रकरण मिटलं. शंभरच्या वर गेली, तर कागद वरच्या समितीकडे. समिती आठवडे लावते. तोवर डॅरियसला आमच्याकडे सही करता येणार नाही.

"म्हणजे उद्या तो..." मी म्हणालो.

"नदीपलीकडे जायला मोकळा आहे," मिस ग्रिग्ज म्हणाल्या. "तिथे त्यानं काही खाल्लेलं नाही."

दीडशेचा पाऊण म्हणजे शंभराच्या वर. हे गणित मी नळाच्या वॉशरवर रोज करतो. डॅरियस पेटिग्रूला केक खाऊ घालून घालवणारा माणूस! थडग्यावर दुसरं काही कोरलंच नसतं.

"बाई, लिलावातला भाव तो," मी म्हणालो. "घरचा केक तो, त्याची कसली किंमत. शिवाय शनिवारचा जरा... नॅडीन, शनिवारचा जरा कोरडा झाला होता ना गं?"

नॅडीननं ओट्यावरचा हात थांबवला. "काय झाला होता?"

"थोडा. कडेकडेनं."

"मिस ग्रिग्ज," नॅडीन म्हणाली, "जिल्ह्याच्या जत्रेत माझ्या केकला निळी फीत आहे. दीडशे हा गेल्या सालचा भाव. यंदा नारळ महागलाय. तुम्ही दोनशे लिहा."

"नॅडीन!"

"तू गप्प राहा. चाळीस वर्षं खातोयस तो केक. कोरडा म्हणे."

मिस ग्रिग्ज यांची पेन्सिल दोनशेच्या दोनावर येऊन थांबली. "घरच्या माणसांची साक्ष धरता येत नाही," त्या म्हणाल्या. "लिलावात केक घेतला कोणी होता?"

नॅडीननं हनुवटीनं माझ्याकडे खूण केली: तूच सांग.

"मर्ल होबॅकनं," मी म्हणालो.

मर्ल रविवारचा कोट घालून आला. खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी सगळं वाचलं. हा माणूस आता फक्त खरं बोलला तरी पुरे. पोरगा जाईल, मी संपेन, आणि खिडकीकडची खुर्ची त्याच्या वारसांनाही मिळेल. मी त्याच्या जागी असतो तर? उत्तर मला माहीत होतं.

"मिस्टर होबॅक, तुम्ही या केकचे दीडशे डॉलर दिलेत?"

"दिले," मर्ल म्हणाला. "चर्चचं छप्पर गळत होतं. एकशे शेहेचाळीस छपराचे. चार केकचे."

नॅडीननं हात पुसायला घेतलेलं फडकं खाली ठेवलं.

"चार?" मिस ग्रिग्ज यांनी विचारलं. "गुणवत्ता पाहता?"

मर्लनं खिडकीबाहेर पाहिलं. तिथून कॉलेजच्या मैदानाचे दिवे दिसतात. "वरचा थर बरा होता," तो म्हणाला. "खालचे उतरवायला कॉफी लागली. बरीच. उरलेला मी कुत्र्यापुढे ठेवला."

"मग?"

"कुत्र्यानं माझ्याकडे पाहिलं."

मिस ग्रिग्ज यांनी लिहिलं: संपूर्ण केक चार डॉलर, खाल्लेला भाग तीन डॉलर. मग माझ्याकडे वळून त्यांनी माझा निकालही तिथेच सांगितला. नियम ठाऊक असून मोडला, म्हणून पुढचा संपूर्ण हंगाम मी मैदानात पाऊल ठेवायचं नाही. नॅडीनच्या शेजारची माझी खुर्ची वर्षभरासाठी कॉलेज विकेल. त्या गेल्यावर नॅडीननं मर्लला दार उघडून दिलं. ते त्यानं ज्या घाईत ओलांडलं, त्या घाईत डॅरियससुद्धा कधी धावलेला मी पाहिला नाही.

बुधवारी पोराच्या शाळेतल्या व्यायामशाळेत टेबलावर दोन कॉलेजांच्या दोन टोप्या मांडल्या होत्या; जी तो डोक्यावर चढवेल, ते त्याचं कॉलेज. मी दुकानामागे ट्रकमध्ये बसून रेडिओवर ऐकलं. निवेदक थांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आरडाओरडा, आणि त्यात एक शब्द: साळिंदर. मी हॉर्नवर डोकं टेकवलं आणि तो वाजतोय हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

पोराला कारण विचारलं तर त्यानं माइक आईकडे दिला. ती म्हणाली, "दुसरीकडे त्याला मोटारी दाखवल्या. इथे केकचे तीन डॉलर भरून घ्यायला एक बाई दहा तास माझ्याशी फोनवर भांडली. एवढं बारीक लक्ष ठेवणाऱ्यांच्या हाती मी पोरगा देते. त्या बाईंना माझा नमस्कार."

म्हणजे श्रेय मिस ग्रिग्ज यांना. गावानं मात्र ते मर्लला दिलं. खानावळीत आता त्याला दोन बिस्किटं मिळतात.

राहिला हिशेब, कोणी काय भरलं त्याचा. डॅरियसनं तीन डॉलर, चर्चच्या पेटीत. मी एक अख्खा हंगाम, दुकानातल्या रेडिओशेजारी. मर्लनं नॅडीनच्या हातचा केक जन्मभरासाठी गमावला, आणि शिवाय माझ्या खुर्चीचे पूर्ण पैसे मोजले, कारण ती विकत घेतली त्यानंच. नॅडीन त्याच्या शेजारी बसून हंगामभर एक अक्षर बोलली नाही. त्याच्याकडे मान वळवली नाही, पॉपकॉर्न पुढे केलं नाही, आपण जिंकलो तेव्हाही नाही. या सगळ्या व्यवहारात माझ्या बाजूला जमा दिसत होती ती एवढीच, आणि ती मी रोज कुरवाळत होतो.

शेवटच्या सामन्यानंतर मर्ल दुकानात आला. मी म्हटलं, "कसा गेला हंगाम, नॅडीनच्या शेजारी?"

त्यानं टोपी काढली. "वेंडेल, इतक्या शांततेत सामना मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पुढच्या सालचे पैसे तुझ्याकडेच भरू का?"