पदराआडचं मशीन

गुपित ठेवावं तर मीच ठेवावं! आमच्या लातूरच्या गल्लीत कुणाच्या पोटात काही म्हणून राहत नाही, पण माझं येसराचं गुपित लग्नापासून आजवर कुण्णाला कळलं नाही.

येसर म्हणजे धान्यं न् मसाले भाजून दळलेलं ते पीठ, ज्याच्याशिवाय आपल्याकडं लग्नाच्या आमटीला चवच येत नाही. माझ्या सासूबाई केवळाबाई, त्यांना मी आत्या म्हणते, सगळ्या पाहुण्यांत सांगत सुटतात, "येसर खावं तर आमच्या आरतीच्या हातचं!" आता आरतीचा हात त्याला लागतो तो फक्त पुडी फोडताना. येसर असतं लोहा गावच्या बुद्धप्रियाताईंच्या बचत गटाचं. मी ते बरणीत भरते अन् थोडं ओट्यावर सांडून ठेवते, म्हणजे राबल्यासारखं दिसतं.

हे निभून गेलं, कारण आत्यांना ऐकू लई कमी. त्यात कान वाहतो, म्हणून कानात घालायचं मशीन चालत नाही. मी त्यांच्या पुढ्यात बसून फोनवर येसर मागवायचे!

अन् मग आमच्या ह्यांना आईची कणव आली. दयानंदराव नांदेडला गेले अन् नवीनच मशीन घेऊन आले.

"हे कानात जातच नाही," ते म्हणाले. "कानाच्या भोकापाशी ही कूर्चा असते ना, मऊ हाडासारखी, तिच्यावर हे बटण बसतं. बटण थरथरतं, कूर्चा थरथरते, अन् त्याच थरथरीचा आत आवाज होतो. आता आईला टाचणी पडलेली ऐकू येईल!"

"मला नका शिकवू, आठवीला ध्वनीचा धडा मीच शिकवते," मी म्हटलं. पण आतून माझीच कूर्चा थरथरली!

त्याच आठवड्यात नणंदबाईंच्या चाकूरच्या घराची वास्तुशांती होती, अन् आत्यांनी परस्पर सांगून टाकलं होतं, "येसर आमची आरती करणार!" अख्ख्या पाहुण्यांत पितळ उघडं पडलं तर? नणंदबाई जन्मभर पुरवून पुरवून ऐकवतील. मला रात्रीची झोप येईना.

त्यात आत्यांचा पदर कायम कानावरून घट्ट. आत मशीन हाय का न्हाई, कळायला मार्गच नाही!

मी गच्चीवर गेले, तोंडावर हात धरला अन् हळूच कुजबुजले, "ताई, येसर पाठवा. पुड्यांवरची नावाची चिठ्ठी तेवढी काढा!" खाली आले तर आत्या म्हणतात, "आरती, धने निवडले का गं?"

आजच धने कसे आठवले? मला शंका आली. शेजारचे किशनरावही गेटपाशी उगीच हसले, पण त्यांचं तोंडच हसरं.

मी ठरवलं, परीक्षा घ्यायची. गॅसवर दूध ठेवलं, आत्यांच्या पाठीमागं उभी राहिले अन् म्हटलं, "दूध उतू चाललं." आत्या ढिम्म! मी आणखी वाकून पदराची हालचाल बघत बसले. तेवढ्यात आत्यांनी नाक वर केलं.

"अगं, दूध खरंच जळलं की! अन् तू माझ्या कानाकडं काय बघून राहिलीस?"

ओटा पुसता पुसता मला दुसरी युक्ती सुचली. "आत्या, डोक्यावर मुंगळा!" म्हणत मी पदराला हात घातला. आत्यांनी पदर दोन्ही हातांनी गच्च धरला. "राहू दे. त्यो बी देवाचा जीव!"

झालं, माझी खात्रीच पटली! शेवटी मी न्हाणीघरात शिरले, नळ सोडला अन् फोन लावला. "ताई, पुड्या शाळेत आणून द्या, घरी नको. म्हातारीला वास येतोय!"

दार वाजलं. "नळ बंद कर अन् बाहीर ये. म्हातारी बोलवतीय."

मी नळ बंद केला. दार उघडलं अन् हात जोडले. "आत्या, चुकलं माझं. मला काय माहीत, हे मशीन इतकं ऐकवतं म्हणून!"

"कुठलं मशीन?" आत्यांनी पदर मागं सारला. दोन्ही कान मोकळे! "ते आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं कपाटात हाय, लेकाला कळू नये म्हणून पदर घट्ट. लावलं की तुझा आवाज डोक्यात घण घातल्यागत येतोय."

"पण मी तर कुजबुजत होते!"

"ह्याला कुजबुजणं म्हणतीस? माझ्यासंगं वरडून वरडून तुझा आवाजच तसा झालाय, बाई. येसराचं मला पहिल्या पुडीपासनं ठाऊक हाय."

"मग सगळीकडं माझं कौतुक का सांगत होता?"

"मग काय सांगू? दिवसभर शाळा करतीस, आल्यावर माझा वाहता कान पुसतीस, औषध घालतीस. माझ्या पोटच्या लेकीला तर किळस येती. येसर कुठलं का असंना, आमटी झाक होती."

मला रडूच आलं. आत्यांच्या गळ्यात पडले अन् त्यांच्या कानाशी अगदी हळू, श्वासाएवढ्या आवाजात म्हटलं, "आत्या, नणंदबाईंना तेवढं सांगू नका हं."

भिंतीपलीकडून किशनराव ओरडले, "नाही सांगत, वहिनी! पण लोह्याहून आमचंही किलोभर मागवा!"