छपराखालच्या डोक्यांचा ठराव

सहकारात डोकी मोजली जातात. ती सांभाळायची कोणी, याबद्दल कायद्यात स्पष्ट तरतूद नाही, आणि तरतूद नसल्यामुळेच आपल्याकडं सहकार इतका फोफावला, असं जाणकारांचं मत आहे. शिरूर कासार तालुक्यातल्या वाकडदरा सेवा सहकारी सोसायटीनं मात्र हा प्रश्न अंगावर घेतला आणि एका दुपारी कायमचा निकालात काढला. सोसायटीचे सचिव धोंडीराम त्या वेळी जातीनं हजर होते. त्यांना जाता येण्यासारखं नव्हतं, हेही खरं.

त्या वर्षी पाऊस आला नाही. आदल्या वर्षीही आला नव्हता, पण तेव्हा निदान ढग तोंड दाखवून गेले होते. सोसायटीचं गोदाम मोकळं पडलं. खत नाही, तूर नाही. उंदीरसुद्धा आष्टीच्या बाजाराकडं निघून गेले. सोसायटीनं पाण्याच्या टाकीसाठी रीतसर अर्ज केला. वरून उत्तर आलं की पाण्याच्या सदरात शिल्लक नाही, साहसी खेळांच्या सदरात आहे, आणि मार्च संपत आलाय, तेव्हा लवकर कळवावं. अध्यक्ष आप्पाराव हे व्यवहारी गृहस्थ. "देतेत ते घ्यावं, मागितलं ते कोन देतंय," असं म्हणून त्यांनी सही केली.

अशा रीतीनं टाकीच्या ऐवजी गावाला गोदामात, पार पत्र्यापर्यंत, चढायची भिंत मिळाली. तिच्यावर लाल, पिवळे, निळे प्लास्टिकचे दगड. ते धरून वर जायचं. कमरेला दोर, तो वरच्या कडीतून फिरून खाली एका माणसाच्या हातात. वाकडदऱ्याच्या तिन्ही अंगांना खरे डोंगर फुकट उभे आहेत. पण डोंगराचं उद्घाटन करता येत नाही, ही त्यांच्यातली मोठीच उणीव आहे.

योजना युवकांसाठी होती. गावातले सगळे युवक आपापल्या बायकांसह दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलेले. (त्यामुळं भिंतीची मोडतोड झाली नाही, असा अनुकूल शेरा पुढं अहवालात आला.) मागं उरले म्हातारे, म्हाताऱ्या, शेळ्या, संचालक मंडळ आणि धोंडीराम. उद्घाटनाला कोणीतरी प्रत्यक्ष चढताना दिसलं पाहिजे, अशी वरची अट होती. म्हातारे चढणार नव्हते. संचालकांना गुडघे होते. शेळ्या चढल्या असत्या, पण त्या सभासद नव्हत्या. पगारी माणूस एकच होता.

धोंडीरामला शिडीवर चढूनही चक्कर यायची. त्यांची सगळी भिस्त आता भिंतीबरोबर आलेल्या खोक्यावर होती. त्यात हेल्मेटं होती.

भिंत बसवणारा माणूस निघाला, तेव्हा धोंडीरामनं त्याला विचारलं, की छपराखाली चढताना हेल्मेट घालायचं का? तो म्हणाला, "आत कुठं दरड कोसळतीय? घातलं तरी चालतं, नाही घातलं तरी चालतं." हे उत्तर शास्त्राला धरून असेलही, पण दोन पर्यायांचं उत्तर सहकारी सोसायटीत देऊ नये. त्याची एसटी सुटायच्या आत दोन गट पडले होते.

उपाध्यक्ष हरिबांचं म्हणणं, डोक्यावर पत्रा आहे, मग पत्र्याखाली पुन्हा टोप कशाला? "घरात बसून कुनी छत्री उघडतंय व्हय?" आप्पारावांचं म्हणणं, सरकारनं दिलंय तर ते फोटोत दिसलं पाहिजे. हरिबांना फोटोचा मुद्दा पटला, पण मग हेल्मेट चढवायला डोक्यावरचा फेटा उतरवावा लागतो, ही अडचण निघाली. आप्पाराव आणि हरिबा यांच्या भावकीत चौदा वर्षं बोलणं फक्त ठरावातून चालायचं. चारचौघांत आधी ज्याचा फेटा उतरेल त्यानं हार खाल्ली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून दोन्ही बाजूंचा मान राखून ठरलं, की हेल्मेट घालावं, पण फेट्यावर घालावं. पट्टा हनुवटीपर्यंत पोचेना, तेव्हा त्याला सुतळी जोडण्यात आली.

आता वाटप. गावात डोक्यावर काहीही ठेवायचं म्हणजे तो सत्कार, आणि सत्कार ज्येष्ठतेनं होतो. आधी अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, मग संचालक. जो कधीच बैठकीला येत नसे तो संचालकही या बैठकीला आला. खोकं रिकामं झालं.

धोंडीराम हळूच म्हणाले, "आप्पा, चढायचं तर मला हाय."

"मंग चढ की. तुला कोन नको म्हनतंय?"

"न्हाई, डोक्याला एखांदं…"

आप्पारावांनी त्यांना बाजूला घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. "धोंडीराम, तू पडला नोकर मानूस. तुज्या डोक्याला टोप आन् एखाद्या संचालकाचं डोकं मोकळं, हे बरं दिसंल का? हरिबा तर सभाच उधळंल. जरा समजून घे."

धोंडीरामनं समजून घेतलं. त्यांची नोकरीच त्यासाठी होती. घरी बायकोला, केशरबाईंना, मात्र समजेना. "आवो, वर तुमी जानार, आन् टोप खाली बसनारे घालनार? कावून?" धोंडीरामनं ठरावाचा क्रमांक सांगितला. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. त्यांना भीती वाटत होती, साधी, सरळ भीती, आणि ती कोणत्या सदराखाली मांडावी हे कळत नव्हतं.

उद्घाटनाला पाहुणे आले, फोटोवाला आला. भिंतीच्या पायथ्याशी संचालक मंडळ ओळीनं खुर्च्यांवर बसलं, फेट्यावर हेल्मेट, हनुवटीखाली सुतळी. दोर धरायला म्हातारा बिभीषण होता. त्याचा जन्म बैल राखण्यात गेला होता. कपाळाला गंध लावून, बोडक्या डोक्यानं धोंडीराम चढू लागले. अर्ध्यावर गेल्यावर त्यांनी डोळे उघडले, आणि तिथंच चूक झाली. पाय लटपटला, हातातला पिवळा दगड निसटून खाली गेला आणि थेट आप्पारावांच्या डोक्यावर आदळला.

टक्.

 आप्पारावांनी हेल्मेट चाचपलं, त्याखालचा फेटा चाचपला आणि उठून उभे राहिले. केसालाही धक्का नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला. हरिबा स्वतः उठून, चौदा वर्षांत पहिल्यांदा, आप्पारावांना मिठी मारायला गेले. (हेल्मेटांमुळं मिठी नीट जमली नाही.) असं दृश्य रोज दिसत नाही म्हणून बिभीषणानं हातातला दोर, वर लटकलेल्या धोंडीरामसकट, खांबाला बैलाच्या गाठीनं बांधला आणि तोही बघायला गेला.

लगेच, जागेवरच, तातडीची सभा भरली. अनुभव ताजा होता. सिद्ध झालेल्या गोष्टी अशा: दगड वरून खाली पडतो, खालून वर पडत नाही. म्हणजे धोका खालच्याला. चढणाऱ्याच्या वर फक्त पत्रा असतो, आणि पत्रा सोसायटीचा असल्यानं तो पडणं शक्य नाही. सबब, छपराखाली चढणाऱ्यास हेल्मेटाची गरज नाही. बसणाऱ्यास सक्तीचं आहे.

"मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी केले. मोजणाऱ्यानं वर पाहिलं, तर धोंडीरामचे दोन्ही हात वर होते. तेही धरले. (सचिवाला मत नसतं. पण वर गेलेला हात खाली घ्यायला लावणं लोकशाहीत बसत नाही.) "आवो, मला खाली…" एवढं त्यांनी म्हटलेलं ऐकू आलं होतं, पण तो मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता. ठराव संचालकांच्या संख्येपेक्षा जास्त मतांनी मंजूर झाला, आणि मंडळी जेवायला उठली.

केशरबाई पंगतीत वाढत होत्या. नवरा कुठंच दिसेना, म्हणून त्या गोदामात आल्या. वर बघितलं, तर धोंडीराम तिथंच लटकत होते. रडत, शिव्या देत त्यांनी ती गाठ सोडायला घेतली. बैलाची गाठ सुटते तेव्हा एकदम सुटते. धोंडीराम भराभरा खाली आले. वाटेत सगळ्या रंगांचे दगड त्यांच्या डोक्याला लागले. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

"येवढ्या टकुऱ्यांवरला एक टोप न्हाई देता आला मेल्यांना!" हळद दाबताना केशरबाई म्हणाल्या. 

 टेंगळावर हळद तशीच ठेवून धोंडीरामनं सभेचं इतिवृत्त लिहायला घेतलं. शेवटी, सुवाच्य अक्षरात, "कार्यक्रमात कोणासही इजा झाली नाही" असं लिहून खाली सही केली.

हे वाचून आपल्याला हसू आलं असेल, तर जरूर हसावं. वाकडदऱ्याची माणसं तशी आहेतच. हसून झालं की दारात उभ्या असलेल्या आपल्या मोटारसायकलीकडं एक नजर टाकावी. तिच्या आरशाला जे अडकवलेलं आहे, ते धोंडीरामनं हात जोडायचे बाकी ठेवून मागितलं होतं आणि त्यांना ते कोणी दिलं नाही. आपल्याला ते मिळालंय. आरशाचं डोकं सुखरूप आहे.