फोनवरून निवडलेलं कलिंगड

कलिंगड निवडावं तर मीच! आम्ही कराडचे, कृष्णेच्या वाळूतली कलिंगडं खाऊन वाढलेलो. नोकरीपायी विरारला चंदनसारमध्ये फ्लॅट घेतला म्हणून बोटांतली कला जाते होय?

त्यामुळे उमेळ्याहून सासूबाईंचा, म्हणजे सालोमी मम्मींचा, फोन आला तेव्हा मी लगेच शड्डू ठोकला. माझे सासरे ऑगस्टीन पप्पा टायफॉइडमधून उठले होते, पण तोंडाची चव गेलेली. दहा दिवस पेजेच्या वाट्या भरलेल्या जात आणि भरलेल्याच परत येत. धिप्पाड माणूस, पार अर्धा झाला होता. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी मागितलं. कलिंगड!

"पप्पांनी तीस वर्षं वाडीत कलिंगडं पिकवलीत," माझी बायको प्रिन्सी म्हणाली. "त्यांना विचारून घे."

"आजारी माणसाला कशाला त्रास? नवरा कुणाचा आहे!"

उमेळ्याच्या फाट्यावर कलिंगडांची गाडी लागलेली होती. मी कान लावला, दोन टिचक्या मारल्या आणि सगळ्यांत मोठं, अकरा किलोचं धूड उचललं.

"साहेब, कापून दाखवू?" गाडीवाल्याने विचारलं.

"मला? काही गरज नाही!"

स्कूटरवर कलिंगड पुढे, प्रिन्सी मागे आणि मधे मी, कसाबसा. घरी पोचल्यावर सुरी हातात घेऊन मी पप्पांच्या खाटेशी उभा राहिलो. "पप्पा, यात ब्याण्णव टक्के पाणी! शिवाय क जीवनसत्त्व! आणि लायकोपीन, लाल रंग त्याचाच!"

कापलं. आत दुधी भोपळा बरा, इतकं पांढरं!

"लायकोपीन कुठे गेलं?" प्रिन्सीने विचारलं.

पप्पांनी एकदा फोडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "म्हशीला घाला," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मम्मी फोडी उचलून आत गेल्या. मला फार वाईट वाटलं हो. दहा दिवसांत त्या माणसाने एक गोष्ट मागितली होती आणि मी तिचीही माती केली.

"दुसरं आणतो," म्हणत मी हेल्मेट चढवलं.

"थांब," खाटेवरून क्षीण आवाज आला. "तिकडून फोन लाव. वाजव. मला ऐकू दे."

झालं! पुन्हा तीच गाडी. फोन स्पीकरवर टाकून एका कलिंगडावर ठेवला आणि टिचकी मारली.

"टनटन करतंय. कच्चं. दुसरं!"

दुसरं वाजवलं. "हे उतरलंय. फेकून दे!"

"ओ काका, फेकून काय!" गाडीवाला भडकला.

तिसऱ्याला मात्र पप्पा खूश. "हां, कसं बद्द वाजलं! देठ वाळलाय? जमिनीला टेकलेली बाजू पिवळी आहे?"

"आहे, पप्पा!"

तेवढ्यात शेजारच्या बाईंनी ते चपळाईने स्वतःच्या पिशवीत घातलं! "काका, थँक्यू हं!"

मग काय, गर्दीच जमली. "काका, आमचं पण ऐका ना!" "अंकल, मेरा भी!" मी कलिंगडामागून कलिंगड वाजवतोय, पप्पा निकाल देताहेत आणि लोक चांगलं चांगलं उचलून चालू पडताहेत. पप्पांचा आवाज मात्र दर कलिंगडागणिक चढत गेला. "नीट वाजव, चंद्रहास! जेवला नाहीस का? ताई, तुम्ही ते मोठं घेऊ नका, नुसता पानी आहे!"

नऊ जणांची कलिंगडं निवडून झाली. आपलं? एकही नाही! मी हताश होऊन कपाळावर हात मारला. हात बसला हेल्मेटवर. ठक्!

"हे नको रे," पप्पा म्हणाले. "आतून पोकळ आहे."

अख्खी गाडी हसली! मघाचा रागावलेला गाडीवालासुद्धा.

शेवटी तळाशी दडलेलं, तीन किलोचं, वाकडंतिकडं एक पास झालं. मी ते तान्ह्या बाळासारखं उराशी धरून आणलं.

दारातूनच पाहिलं तर पप्पा खाटेवर उठून बसलेले, तोंड वाटीत. शेजारी दोन रिकाम्या वाट्या. मम्मी डोळे पुसत हसत होत्या.

"ओरडून ओरडून भूक लागली त्यांना," प्रिन्सी म्हणाली.

"पप्पा, कापू?"

"आता कुठे? पोटात जागा नाय. ठेव तिकडे." त्यांनी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. "उद्या आंबे आनायला जा."

"पण पप्पा, आंबे काही वाजवून कळत नाहीत!"

"ते मला ठाऊक आहे. उद्या व्हिडिओ लाव."

मी ऑफिसला रजेचा अर्ज टाकलाय. कारण लिहिलंय, घरगुती अडचण.