तुळजण्णाची पाचवी फेरी

आमच्या फॅक्टरीच्या टाइम ऑफिसला बावीस पायऱ्या होत्या. मला हे ठाऊक आहे, कारण तुळजण्णा त्या रोज मोठ्यानं मोजत चढायचा. मध्येच कुणी हाक मारली की आकडा चुकायचा, आणि मग तो निमूटपणे खाली उतरून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायचा. वर्कशॉपमधले लोक मुद्दाम तो एकविसाव्या पायरीवर पोचेपर्यंत थांबायचे आणि मग ओरडायचे, "नमस्कार अण्णा!" तुळजण्णा उलट नमस्कार करायचा आणि खाली जायचा.

तुळजोजीराव हे त्याचं पूर्ण नाव. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरातला. मी निपाणीकडून नोकरीसाठी आलेला. चामराजपेटेतल्या त्याच्या घराच्या मागच्या खोलीत मी राहायचो. त्याची आई मला घरचाच समजायची.

तो इडलीचे घास मोजायचा. बोलायला गेलं की हात वर करायचा, "स्वल्प थांब रे बाळू, आकडा जाईल." बसचे थांबेही मोजून उतरायचा. वाटेत एक नवा थांबा झाला, तेव्हा आठवडाभर रोज एक थांबा अलीकडे उतरून चालत कामावर आला. कंडक्टर शपथेवर सांगत होता, पण ऐकेल तर तुळजण्णा कसला!

लोक हसायचे. मीही हसायचो. पण तो जन्मतः असा नव्हता. त्याला असा मी केला. आता तुळजण्णा राहिला नाही आणि माझीही ऐंशी उलटली, तेव्हा हे एकदा लिहून टाकतो.

साठ सालाच्या अलीकडची गोष्ट. तुळजण्णा तेव्हा पंधराशे मीटरला राज्यात पहिला यायचा. लेथवर आठ तास उभं राहून संध्याकाळी पळणारा माणूस. पळताना खांदे हलायचे नाहीत. डोक्यावर तांब्या ठेवला असता तरी पाणी सांडलं नसतं. त्या वर्षी फॅक्टरीच्या खेळांना एक मोठे साहेब खास त्याला बघायला आले होते. पसंत पडला तर देशाच्या शिबिरात जागा मिळणार होती.

आमचं मैदान लहान. पंधराशे मीटरला पाच फेऱ्या. रेघेजवळ एक पाटी असायची. पहिल्या नंबरावरचा गडी रेघेवर आला की त्याच्या किती फेऱ्या उरल्या तो आकडा पालटायचा. पाटीवर मी होतो. तुळजण्णा म्हणाला होता, "पाटीवर तू आहेस नव्हे? मग मला मोजायचं कामच नाही."

शर्यतीत भाग घेणाऱ्याला दूध आणि दोन केळी मिळायची, म्हणून कँटीनचा जाडा आचारीही पळत होता. पोट सावरत त्याची दुसरी फेरी कशीबशी संपत होती. मागून तुळजण्णा तिसरी संपवत येत होता. आचारी रेघेवर आला, सगळे हसले, मीही हसलो आणि हसता हसता पाटी पालटली. दोन. लगेच तुळजण्णा आला. सवयीनं पुन्हा पालटली. एक.

तो शेवटची फेरी समजून सुटला. काय पळाला! मला चूक कळली तेव्हा दुसरा गडी तीस पावलं मागं होता. मी गुपचूप पाटी मागं फिरवून दोन केली. हाक मारता आली असती. पण नोकरी कच्ची होती, आणि शेजारी आमचेच साहेब पंच म्हणून बसले होते.

तुळजण्णा रेघेवर आला तशी मी पाटी एकवर आणली. त्यानं हात वर केले आणि गवतावर आडवा झाला. एक फेरी बाकी होती. लोक किंचाळत होते, "ओडु! ओडु!" पळ, पळ. त्याला वाटलं कौतुक चाललंय. त्यानं झोपल्या झोपल्या सगळ्यांना हात हलवून दाखवला.

तिघं पुढं गेल्यावर तो उठला. पाटीकडे बघितलं. एक. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"पाय आहेत, डोकं नाही," मोठे साहेब म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर दोन वर्षं तो पळता पळता हाताची बोटं मिटायचा. बोटं बरोबर मिटली, पण खांदे हलायला लागले. मग पळणं सुटलं आणि मोजणं राहिलं. एका मुलीच्या बापानं तोंडावर सांगितलं, "ज्याला पाच फेऱ्या मोजता येत नाहीत, तो सप्तपदीला कुठं थांबेल?" तुळजण्णानं हे मला हसत सांगितलं. लग्न झालंच नाही. आणि दरवर्षी खेळांच्या दिवशी तोच साहेबांना सांगायचा, "पाटीवर बाळूला बसवा सार. त्याचा आकडा चुकत नाही." मी बसायचो.

काही वर्षांनी त्याची आई वारली. तेराव्याची पंगत उठल्यावर आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. तो म्हणाला, "जाताना आई काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, तुळजा, माझंच चुकलं. लहानपणी तुला नीट मोजायला शिकवलं नाही."

मला राहवलं नाही. आचारी, पाटी, सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारावी असंच वाटत होतं.

तो म्हणाला, "म्हणजे तिसऱ्या फेरीला पाटीवर एक होता?"

"होता."

"मी बरोबर बघितलं होतं?"

"बरोबर बघितलं होतंस, अण्णा. मी उद्याच साहेबांना जाऊन सांगतो."

"नको. तुझी पोरं लहान आहेत." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "मला काय, कधीही सांगितलं असतंस, मी इथंच असतो. तेरा दिवस आधी सांगायचं होतंस रे बाळू."

तो उठून आत गेला. मी पंगतीला बसलो नव्हतो, हे त्याच्या ध्यानात होतं. माझं पान वाढून घेऊन आला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिला.